कापणार की शिवणार? अडकलेल्या गुडघ्याचे एक प्रकरण

राजापूर तालुक्यातला ३४ वर्षांचा आंबा काढणारा गडी. एप्रिलचा पहिला आठवडा, हापूसची तोड जोरात. झाडावरून उतरताना शेवटच्या फांदीवरून त्याने खाली उडी टाकली. डावा पाय कातळाच्या खाचेत रुतला आणि अंग उजवीकडे वळले. गुडघ्यात काहीतरी सरकल्यासारखे वाटले. संध्याकाळपर्यंत सूज आली, आणि दुसऱ्या दिवशी पाय पूर्ण सरळ होईना.

हे प्रकरण एका विशिष्ट माणसाची नोंद नाही. किनारपट्टीवर वारंवार दिसणाऱ्या दुखापतीचा जुळवून मांडलेला नमुना आहे. मधले टप्पे, चुका आणि आकडे मात्र अशा गुडघ्यांत जसे असतात तसेच ठेवले आहेत.

पहिले सात आठवडे

आधी मुका मार समजून लेप झाला. मग एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला, आणि ‘हाड शाबूत आहे’ या एका वाक्यावर तीन आठवडे गेले. एक्स-रेत हाड दिसते, गादी दिसत नाही. गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्या मध्ये रबरासारख्या दोन अर्धचंद्राकृती चकत्या असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. बोलीत यांनाच गादी म्हणतात. अंगाचा भार पसरवून हाडावर उतरवणे हे त्यांचे काम. यांपैकी एखादी फाटली तरी एक्स-रे हुबेहूब निरोगी माणसासारखा येतो.

मग कुणीतरी पाय ओढून ‘बसवायचा’ प्रयत्न केला. हे मात्र करू नये. अडकलेला तुकडा ओढण्याने जागेवर जाण्याऐवजी आणखी चिरडतो, आणि पुढे शिवायच्या लायकीचा राहत नाही. दुखणे दाबायला डायक्लोफिनॅकची इंजेक्शने झाली, आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत हा माणूस लंगडत पेट्या भरत राहिला. हंगाम सोडून दवाखान्यात कोण जाणार? त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी हेच केले असते.

तपासणीच्या दिवशी त्याने सांगितले ते एवढेच: “डॉक्टर, दुखणं सोसतंय, पण पाय सरळच होत नाय.” निदानाचे अर्धे काम या वाक्यानेच झाले. पालथे झोपवून दोन्ही टाचा पाहिल्या, तर डावी टाच उजवीपेक्षा बरीच वर. म्हणजे गुडघा सरळ व्हायला सुमारे २० अंश कमी पडत होते. वाकणे ११० अंशांपर्यंत. आतल्या बाजूच्या सांध्याच्या फटीवर बोट दाबले की नेमके दुखणे. वाटीच्या वर १५ सेंटिमीटरवर मांडीचा घेर मोजला, तो उजवीपेक्षा २ सेंटिमीटरने कमी. सात आठवडे पाय नीट न वापरल्याने मांडीचा पुढचा स्नायू आटला होता. पुढचे लिगामेंट (दोन हाडांना आतून बांधून ठेवणारा बंध) हाताला घट्ट लागले, ही चांगली बातमी.

गुडघा दोन प्रकारे अडकतो. दुखण्यामुळे मांडीचा मागचा स्नायू आखडून धरतो ते खोटे अडकणे. भूल दिली की असा पाय आपोआप सरळ होतो. खऱ्या अडकण्यात सांध्यात खरोखरच पाचर असते. एमआरआयमध्ये ती पाचर दिसली: आतली गादी कडेने लांब उभी चिरलेली, आणि तिचा आतला भाग बादलीच्या कडीसारखा उचलून सांध्याच्या मधोमध जाऊन बसलेला. बादलीची कडी एका बाजूने दुसऱ्या बाजूला पाडतो ना, अगदी तशी. दोन्ही टोके जोडलेली, मधला भाग उलटलेला.

या ठिकाणी व्यायाम, गोळ्या, पट्टा यांनी भागत नाही. एरवी पन्नाशीनंतरच्या झिजलेल्या गुडघ्यात एमआरआयवर ‘गादी फाटली’ असे लिहून आले, तर दुर्बिणीच्या ऑपरेशनची घाई करू नये. तिथे आधी व्यायामच करून पाहावा. पण तरुण माणसाचा दुखापतीने अडकलेला गुडघा ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिथे आठवडे मोजावे लागतात.

मूळ प्रश्न

रुग्णाचा पहिला प्रश्न होता, “दुर्बिणीनं होतंय ना? मग चार दिवसांत घरी?” घरी तर दुसऱ्याच दिवशी जाता येते. कामावर कधी, हे भोकांच्या आकारावरून ठरत नाही. आत गादी कापली की शिवली, यावर ते ठरते.

फाटलेला तुकडा कापून काढला तर माणूस त्याच दिवशी पायावर भार देतो आणि चार ते सहा आठवड्यांत बहुतेक कामे करतो. ऐकायला उत्तम. पण गादीचा जेवढा भाग गेला तेवढा भार थेट कूर्चेवर, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणावर, येतो. गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेत काही वर्षांनी कसे बदल होतात, हे फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदाने १९४८ सालीच दाखवून दिले होते. तरी पुढे कित्येक वर्षे अख्खी गादी काढण्याची पद्धत चालूच राहिली. बादलीच्या कडीत निघणारा तुकडा मोठा असतो. ३४ व्या वर्षी तो गमावला, तर पंचेचाळिशी-पन्नाशीत गुडघा कुरकुरायला लागण्याची शक्यता बरीच वाढते.

शिवली तर गादी वाचते, पण सहा आठवडे कुबड्या आणि पट्टा, चार महिने उकिडवे बसणे बंद, झाडावर चढणे सहा महिन्यांनी. शिवाय सगळे नीट करूनही साधारण चार-पाच जणांपैकी एकाची शिवण पुढच्या काही वर्षांत सुटते आणि पुन्हा दुर्बीण घालावी लागते. हे आधीच सांगितले पाहिजे. मागाहून कळले की रुग्णाला फसवल्यासारखे वाटते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

शिवता येईल की नाही हे मुख्यतः रक्तावर ठरते. गादीला रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला असतो, साधारण बाहेरच्या चौथाई भागात. आतली धार पांढरी, तिथे रक्त नाही, म्हणून तिथले टाके सहसा जुळत नाहीत. या रुग्णाची चीर बाहेरच्या कडेपासून ३ मिलिमीटरच्या आत होती, म्हणजे आशा होती. पण सात आठवड्यांत कडी किती चेपली आहे, हे आत गेल्याशिवाय कळणार नव्हते. म्हणून संमतिपत्रावर दोन्ही लिहिले: जमल्यास शिवणे, न जमल्यास कापणे. कुणीही सही करताना हे दोन्ही लिहिले आहे ना ते पाहावे, आणि ‘शिवण्याला तुमची पहिली पसंती आहे ना?’ असे सरळ विचारावे.

खर्चाचेही तसेच. सांध्याच्या आतूनच बसणारा एकेक टाका वेगळ्या साधनासह येतो आणि त्याची किंमत हजारांत असते. किती लागतील हे आतच ठरते. अंदाजपत्रकात दोन धरले आणि लागले चार, की बिलावरून तंटा होतो. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, दोन्ही आकडे आधी मागावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे भरती होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. भरती झाल्यावर धावपळ होते.

आदल्या दिवशी

ऑपरेशन मेच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापुरात ठरले. आदल्या दिवशी पायाची बोटे पाहिली. चिखल्या, खरूज, काट्याची पिकलेली जखम यांतले काहीही असेल तर ऑपरेशन पुढे ढकलतात, कारण सांध्यात जंतू गेले तर गादी बाजूलाच राहते, गुडघाच धोक्यात येतो. पावसाळ्यात शेतीवाल्यांची निम्मी ऑपरेशने याच कारणाने पुढे जायला हवीत, इतक्या चिखल्या असतात. याची बोटे कोरडी होती. घरी वस्तऱ्याने केस काढू नका असे बजावले होते, कारण वस्तऱ्याच्या बारीक कापांतून जंतू शिरतात. केस तिथेच, ऑपरेशनच्या आधी यंत्राने काढतात.

ऑपरेशनच्या आधी सहा तास अन्न बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. इथे कोकणात एक घोळ नेहमी होतो. सकाळी उठून वाटीभर पेज पिऊन येतात आणि सांगतात, ‘काही खाल्लं नाही’. पेज हे अन्नच. भुलेत ती उलटून श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतते. दूधवाला चहाही अन्नात धरायचा.

आत काय झाले

कमरेत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. रुग्ण जागा. अँटिबायोटिकचा एक डोस शिरेतून दिला आणि तो पायात पोहोचल्यावर मग मांडीवर रक्त थांबवणारा पट्टा फुगवला. क्रम उलटा झाला तर औषध गुडघ्यापर्यंत जातच नाही. भूल चढल्यावर पाय सरळ करून पाहिला, तरी २० अंश अडकलेलाच. अडकणे खरे होते.

वाटीला नडगीशी बांधणाऱ्या जाड बंधाच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरपेक्षा लहान असे दोन छेद. बाहेरच्या छेदातून ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण, आतल्यातून अवजारे. दुर्बिणीचे टोक ३० अंश तिरपे कापलेले असते, त्यामुळे ती नुसती फिरवली तरी कोपऱ्यातले दिसते. सांधा फुगता आणि स्वच्छ राहावा म्हणून सलाईन वाहते ठेवतात, तीन-तीन लिटरच्या तीन पिशव्या लागल्या. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र, ओल्या खोबऱ्यासारख्या हाडांच्या टोकांमधून एक पिवळसर दोर आडवा आलेला दिसला. तीच कडी. बोथट आकडीने तिला मागे-आत ढकलले तेव्हा ती टपकन जागेवर बसली आणि पाय सरळ झाला. रुग्णाने पडद्यावर पाहिले आणि विचारले, “झालं?”

झाले नव्हते. ढकललेली कडी पहिल्या पायरीवर पुन्हा उलटते. दोन्ही कडा किसणीसारख्या अवजाराने खरवडून रक्त येईल अशा केल्या, कारण गुळगुळीत कडा जुळत नाहीत. मागच्या भागात सांध्याच्या आतूनच बसणारे तीन टाके, मधल्या भागात लांब सुयांनी आतून बाहेर काढलेले तीन, प्रत्येकी साधारण ५ मिलिमीटर अंतरावर, उभे. आडव्यापेक्षा उभा टाका जास्त धरून ठेवतो. आतून बाहेर येणाऱ्या सुयांसाठी गुडघ्याच्या आतल्या बाजूला ३ सेंटिमीटरचा तिसरा छेद लागला. तिथून त्वचेची एक नस जाते. तिला बाजूला धरले नाही तर ती टाक्यात सापडते आणि नडगीच्या आतल्या अंगाला कायमची मुंगी राहते. ‘दुर्बिणीचं ऑपरेशन आणि एवढा मोठा व्रण कसा?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हा छेद आहे. शेवटी सांध्याच्या मधल्या खाचेतल्या हाडाला बारीक भोके पाडली, म्हणजे मज्जेतले रक्त सांध्यात उतरते आणि जुळण्याला मदत होते. पट्टा फुगल्यापासून सोडेपर्यंत ७५ मिनिटे गेली. दोन तासांच्या वर तो फुगलेला ठेवत नाहीत.

घरी

पहिल्या रात्री बँडेज गुलाबी पाण्याने भिजते. घरची माणसे घाबरतात, पण ते बहुतेक सलाईनच असते. गुडघा हलवला की दोन-तीन दिवस आत डबडब आवाज येतो, तोही राहिलेल्या पाण्याचा आणि हवेचा. भूल उतरताना लघवी अडू शकते. सहा-आठ तासांत झाली नाही तर सांगावे. उठून बसले की डोके ठणकते आणि आडवे झाले की थांबते, असे असेल तर तो कमरेतल्या सुईचा परिणाम. तेही कळवायचे.

अणुस्कुरा घाटाने परत येताना गाडीच्या मागच्या सीटवर पाय लांब ठेवून बसवले, वाटेत दोनदा थांबून उभे केले, आणि रस्ताभर दर पंधरा मिनिटांनी पाऊल वर-खाली हलवायला सांगितले. पोटरीत रक्त साकळू नये म्हणून.

खरी परीक्षा घरच्या पाखाडीने घेतली. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याच्या तीसेक पायऱ्या, आणि जून तोंडावर. कुबड्यांचे रबर खडबडीत जांभ्यावर महिन्याभरात झिजते, आणि झिजलेले रबर शेवाळावर साबणासारखे सरकते. रबराची एक जोडी जादा आणून ठेवली. पायऱ्यांवर पावसाआधी ब्लिचिंग पावडर टाकून शेवाळ काढले, दर पंधरा दिवसांनी पुन्हा. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय, हे रुग्णालयातल्या जिन्यावर दहा वेळा करून घेतले होते. घरी एक बाई मागे आणि एक गडी पुढे असल्याशिवाय उतरायचे नाही असे ठरले.

संडास भारतीय बैठकीचा. प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून बसवण्याची युक्ती सगळीकडे चालते, पण ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. घडीची लोखंडी कमोड-खुर्ची आणली. निजायला जमिनीवर अंथरूण नको, कारण तिथून उठताना गुडघा १२० अंशांच्या पुढे दुमडतो. खाटेचे पाय विटांवर चढवून उंची गुडघ्याच्या वर आणली.

बर्फाचे काम पहिले दोन आठवडे, दिवसातून चार-पाच वेळा, १५ ते २० मिनिटे. वादळी पावसात वीज गेली तेव्हा मासळीवाल्याकडचा बर्फ आला. चालतो, पण तो घाण असतो. दोन पिशव्यांत गाठ मारून, वर टॉवेल गुंडाळून, आणि जखमेची पट्टी भिजली तर लगेच बदलून.

व्यायामात सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कंटाळवाणा तो टाचेचा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याखाली काहीच नाही, आणि पाय आपल्या वजनाने सरळ होऊ द्यायचा, दहा मिनिटे, दिवसातून चार वेळा. सात आठवडे वाकलेला गुडघा पुन्हा वाकडाच राहायला बघतो. घरची मंडळी मायेने गुडघ्याखाली उशी सरकवतात. ती काढून टाकायची. सोबत मांडी घट्ट करून दहा मोजणे आणि पाय सरळ उचलणे. वाकवणे ९० अंशांपर्यंतच, तेही झोपून टाच सरकवत.

चालताना पट्टा सरळ कुलूप केलेला, आणि कुबड्यांच्या आधाराने थोडा भार चालतो. बादलीच्या कडीची चीर उभी असते. सरळ पायावर भार दिला की तिच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात. गादी मुळापासून सुटली असेल किंवा आडवी फाटली असेल तर उलटे होते, म्हणून तिथे सहा आठवडे भार पूर्ण बंद. शेजारच्या गावातल्या कुणाला डॉक्टरांनी वेगळे सांगितले म्हणून आपले बदलायचे नाही, त्याचे कारण हे.

त्वचेवरचे टाके बाराव्या दिवशी काढले. भोके भरली, सूज उतरली, आणि इथेच गडबड झाली.

पाचवा आठवडा

लावणीचे दिवस, घरात माणसे जेवायला. पट्टा खुंटीला टांगून हा पाटावर बसला. बसताना काही झाले नाही. उठताना मागच्या बाजूला ‘टक्’ झाले आणि सकाळी गुडघा नारळासारखा गोल.

झाले काय? ९० अंशांच्या पुढे गुडघा वाकला की मांडीच्या हाडाचा मागचा गोल भाग गादीच्या मागच्या टोकावर सरकतो. त्यावर अंगाचा भार आला की गादी मागे ढकलली जाते आणि टाक्यांवर ताण येतो. नेमके तिथेच तीन टाके होते. पाचव्या आठवड्यात गादी जुळायला नुकती लागलेली असते. तोवर धाग्यावरच सगळे टिकलेले असते.

फोनवर पहिला प्रश्न विचारला तो, “पाय पूर्ण सरळ होतो का?” होत होता. पाय पुन्हा अडकला असता तर त्याच आठवड्यात दुर्बीण घालावी लागली असती. तपासणीत फटीवर थोडे दुखणे, ताप नाही, पोटरी मऊ. पावसात भात लावणाऱ्या घरांत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) तापही असतो, म्हणून ताप आलाच असता तर रक्त तपासूनच पुढे जायचे होते. ताप १०१ च्या वर, गुडघा गरम आणि तासातासाला वाढणारे दुखणे, किंवा पोटरी सुजून दम लागणे, यांत मात्र घरी थांबायचे नाही, रात्र असली तरी. याच्या बाबतीत विश्रांती, बर्फ, आणि पट्टा दोन आठवडे जास्त. पाट माळ्यावर गेला.

आठव्या आठवड्यात कुबड्या आणि पट्टा सुटला. बाराव्यात सायकल, आणि खुर्चीपर्यंतची बैठक. गणपती आले तेव्हा पंधरा आठवडे झाले होते. आरतीला उभा राहिला, भजनाला भिंतीशी खुर्ची घेऊन बसला, मांडी घातली नाही. विसर्जनाला मूर्ती डोक्यावर घेऊन पाखाडी उतरण्याचा मान दरवर्षी त्याचा, तो यंदा धाकट्या भावाने घेतला. त्याला वाईट वाटले ते दिसत होते. अठराव्या आठवड्यापासून उकिडवे बसणे सुरू, आधी खिडकीचा गज धरून.

झाडावर चढायची परवानगी महिने मोजून दिली नाही. एका पायावर खुर्चीतून दहा वेळा उठणे, मांडीच्या घेरातला फरक १ सेंटिमीटरच्या आत, डाव्या पायाची ताकद उजव्याच्या नव्वद टक्के, सूज शून्य. नोव्हेंबरअखेर हे जमले, मोहरावरच्या फवारणीच्या सुमारास. चढणे सुरू झाले, एक अट घालून: शेवटच्या फांदीवरून उडी नाही, शिडी लावायची. आंबे काढायला दांडीचा नूतन झेला घेतला, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला. निम्मी तोड त्याने जमिनीवरूनच होते. उरलेल्या निम्म्यासाठी चढावेच लागते, आणि शिवण टिकली का हे पुढचे दोन हंगाम सांगतील.